लिम्फोसाइटच्या उसळीचे कोडे: तिसऱ्या चाचणीनंतर

गेल्या नोंदीतल्या ज्या आकड्याने मला अस्वस्थ केले होते, त्याचा उलगडा रविवारी बराचसा झाला. १४.५ टक्के ऑक्सिजनवर, म्हणजे पुण्यात बसून जवळजवळ लेहच्या हवेत, १५० वॉटने ४५ मिनिटे सायकल चालवल्यावर माझे लिम्फोसाइट (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) दर मायक्रोलिटर रक्तात १,९८० वरून ४,१५० वर गेले होते. साध्या हवेत वॉट आणि वेळ तेच ठेवूनही ते ३,१०० वर थांबले होते.

आधी संशय रक्त दाट होण्यावर होता. श्रमात प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, कमी होतो आणि एकही पेशी न वाढता दर मायक्रोलिटरचा आकडा फुगतो. रक्त दाट झाले की हिमोग्लोबिनचा आकडाही तितकाच चढतो. मात्र त्याच्या प्रमाणात (१४.५ वरून १५.४) दुरुस्ती करूनही सुमारे ३,९०० उरले, तर साध्या हवेचे २,९५० च्या आसपास. खरे कारण वहीतल्या नाडीच्या रकान्यातच होते: साध्या हवेत १३८, विरळ हवेत १५६. वॉट तेच असले तरी शरीरावरचा ताण तोच नव्हता. अॅड्रेनॅलिन वाढले, की रक्तवाहिन्यांच्या भिंतींना टेकून असलेल्या पेशी, त्यातही एनके (नॅचरल किलर) पेशी, प्रवाहात उतरतात. सीबीसीत, म्हणजे रक्तपेशी मोजण्याच्या नेहमीच्या तपासणीत, त्या लिम्फोसाइटमध्येच मोजल्या जातात.

म्हणून या वेळी विरळ हवेतच, पण वॉट सोडून नाडी १३८ वर धरून ठेवली आणि त्यासाठी १२० वॉटवर उतरलो. विरळ हवा देणाऱ्या मुखवट्याच्या कडेतून होणारी गळती थांबवायलाच अर्धा तास गेला, पण सीबीसीसाठीची जांभळ्या टोपणाची नळी रक्ताने भरली तेव्हा हात थरथरत नव्हते. रिपोर्ट आला: २,०१० वरून ३,१८०, दुरुस्तीनंतर सुमारे ३,०५०. फरक जवळजवळ मिटला होता. ती ओळ मी तीनदा वाचली.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी फक्त टक्के छापणारी लॅब टाळावी, कारण न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा दुसरा प्रकार) वाढले की लिम्फोसाइटची संख्या तीच राहूनही टक्का घसरतो. रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर कानाच्या पाळीचा घ्यावा; हँडल घट्ट धरलेल्या बोटावर तो भलतेच आकडे दाखवतो.

पुढच्या खेपेस १३ टक्के ऑक्सिजनवर उतरायचे ठरवले होते, पण हे लिहिताना उलटी चाचणी अधिक नेमकी वाटू लागली आहे: साध्या हवेतच वॉट वाढवून नाडी १५६ वर न्यायची. तेव्हाही लिम्फोसाइट ३,९०० च्या जवळ गेले, तर उसळीचे मोठे श्रेय ताणाला द्यावे लागेल. शिवाय तासाभराने दुसरी नळीही घेईन. तोवर लिम्फोसाइट मूळ पातळीखाली उतरतात आणि न्यूट्रोफिल चढतच असतात, आणि विरळ हवेचा स्वतःचा ठसा कदाचित तिथेच सापडेल.