बादलीभर होंदेली

पहाटेची अजान होते आणि पाठोपाठ मिनिकॉयच्या जेट्टीवर पहिलं इंजिन धडधडायला लागतं. बेटावर कुत्री नाहीत, रात्रीची रहदारी नाही, त्यामुळे हे दोन्ही आवाज माझ्या खोलीपर्यंत स्वच्छ यायचे. एप्रिल २०१६ मधल्या त्या मंगळवारी मी अजानच्या आधीच जेट्टीवर बसलो होतो. सात महिने किनाऱ्यावर उतरणारा मासा मोजून झाला होता. त्या दिवशी पहिल्यांदा बोटीवर जायचं होतं.

मी रत्नागिरीचा. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलो आणि एका अभ्यासप्रकल्पासाठी इथे आलो. काम साधं होतं. संध्याकाळी बोटी परतल्या की कुपा, म्हणजे ट्यूना मासा, मोजायचा, तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत. वजन, किती तास समुद्रात, किती माणसं, हे सगळं छापील फॉर्मवर पेन्सिलीने उतरवायचं.

लक्षद्वीपच्या नकाशात मिनिकॉय सगळ्यांत खाली, एकटंच आहे. बाकीच्या बेटांपासून नाइन डिग्री चॅनल नावाच्या समुद्रपट्ट्याने तोडलेलं आणि मालदीवच्या जवळ. म्हणून इतर बेटांवर मल्याळम, तर इथे महल भाषा, आणि तिची लिपी उजवीकडून डावीकडे जाते. बेट दहा-एक किलोमीटर लांब आणि इतकं अरुंद की मधल्या माडांत उभं राहिलं तर पूर्वेच्या खडकांवर आपटणारी लाट एका कानाने ऐकू येते. पश्चिमेला मात्र तीस चौरस किलोमीटरचं लगून, म्हणजे पोवळ्यांच्या कड्याने, रीफने, अडवलेलं उथळ पाणी, निपचित पसरलेलं. त्याचा रंग मला अजून नीट सांगता येत नाही. सकाळी आठला तो कच्च्या कैरीच्या सालीसारखा असतो, दुपारी दोनला डोळ्यांना सोसत नाही. रीफच्या पलीकडे पाणी एकदम गडद निळं होतं, आणि ती रेघ सुरीने कापल्यासारखी असते. १८८५ सालच्या दीपगृहावर चढलं की बेट आणि रीफ मिळून झालेलं सगळं कंकण एका नजरेत येतं. दर रविवारी मी चढायचो.

बोटीच्या तांडेलाला तिथे केयोलू म्हणतात. माझे केयोलू साठीच्या पुढचे, तरुणपणी मालवाहू जहाजांवर नोकरी केलेले. मुंबई बंदरात कितीतरी वेळा उतरले असल्याने त्यांचं हिंदी माझ्याइतकंच बरं. मी त्यांना काका म्हणायचो. मिनिकॉयमध्ये गावप्रमुखाला बोडुकाकाच म्हणतात, तेव्हा हा शब्द कुणाला परका वाटला नाही. ते मला मास्टर म्हणायचे, कारण माझ्या हातात कायम फॉर्म असायचा.

कुपा पकडायची तिथली रीत आपल्याकडच्या कुणी पाहिली नसेल तर तिच्यावर विश्वास बसत नाही. जाळं नाही. बांबूची किंवा फायबरची काठी, तिला दोरी, आणि टोकाला चकचकीत गळ. त्या गळाला मागे वळलेला काटा नसतो आणि त्याच्यावर आमिषही लावत नाहीत. आमिष जिवंत असतं आणि ते समुद्रात मुठीमुठीने फेकतात. कुप्यांचा थवा त्या छोट्या माशांवर तुटून पडतो, आणि त्या धांदलीत चमकणारं काहीही तोंडात घेतो. म्हणून बोट आधी खोल समुद्रात जात नाही. आधी लगूनमध्ये फिरून आमिष गोळा करते. सगळ्यांत आवडीचं आमिष म्हणजे होंदेली, बोटभर लांबीचा, जवळजवळ पारदर्शक मासा. आपल्या मांदेलीहून बारीक, आणि इतका नाजूक की हात लागला तरी खवलं सुटतात आणि तासाभरात मरतो.

होंदेली राहते पोवळ्यांच्या आसऱ्याने. आणि त्या एप्रिलमध्ये पोवळी पांढरी झाली होती.

काकांच्या नेहमीच्या जागी आम्ही इंजिन बंद केलं. मी मास्क लावून पाण्यात उतरलो. खाली फांद्याफांद्यांच्या पोवळ्यांचं रान होतं, एरवी तपकिरी, हिरवट, टोकांना जांभळं. आता ते बर्फासारखं पांढरं होतं. काही फांद्या निळसर चमकत होत्या, आणि खरं सांगतो, दिसायला ते विलक्षण सुंदर होतं. पोवळ्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. त्याचा रंग आणि बहुतेक अन्न त्या शैवालाचंच असतं. पाणी आठवडेच्या आठवडे जास्त तापलं की पोवळं शैवालाला बाहेर टाकतं आणि आतला चुन्याचा सांगाडा दिसू लागतो. त्या क्षणी ते मेलेलं नसतं, उपाशी असतं. पाणी लवकर निवलं तर शैवाल परत येतं. १९९८ मध्ये आणि २०१० मध्ये लक्षद्वीपने हे पाहिलं होतं. मी पुस्तकात वाचलं होतं, डोळ्यांनी पहिल्यांदा पाहत होतो. माझ्या तापमापीवर ३१.४ अंश होते.

होंदेलीचं एकही पिल्लू तिथे नव्हतं. दुसऱ्या जागीही नाही. तिसऱ्या जागी, एका मोठ्या गोल पोवळ्याच्या सावलीत, छोटासा थवा दिसला. चौघांनी चार टोकांनी चौकोनी जाळं खाली सोडलं. काकांनी माशाचा बारीक कुटा जाळ्यावर सोडला, आणि थवा वर आला तसं जाळं अलगद उचललं. कोणी बोलत नव्हतं. जाळं पाण्याबाहेर काढत नाहीत. बोटीच्या कडेला आणून आमिष पाण्यासकट बादलीने उपसतात आणि तळातल्या हौदात सोडतात. हौदाला भोकं असतात, त्यांतून समुद्राचं पाणी सतत खेळतं. उजाडून तीन तास झाले होते आणि हौद पाव भरला होता.

काकांनी हौदात कोपरापर्यंत हात घातला. "पानी गरम है, मास्टर," ते म्हणाले. काही होंदेली आधीच उलट्या होऊन तरंगत होत्या. एकेक मेलेली ते बोटांच्या चिमटीने उचलून बाहेर टाकत राहिले.

रीफच्या फटीतून बाहेर पडलो. उजवीकडे बेट, डावीकडे काही नाही. तासाभराने पुढे उभ्या असलेल्या पोराने हात केला. क्षितिजावर सुरय पक्षी घिरट्या घालत होते, एकदम खाली सूर मारत होते. पक्ष्यांखाली कुपा असतो. जवळ गेलो तसं पाणी उकळत असल्यासारखं दिसलं.

पुढची वीस मिनिटं मला तुकड्यातुकड्यांत आठवतात. पिछाडीच्या फळीवर सहाजण ओळीने उभे. कडेच्या नळ्यांतून पाण्याचे फवारे, म्हणजे पृष्ठभागावर लहान माशांची गर्दी आहे असा कुप्याला भास व्हावा. आमिष टाकणारा काकांचा भाचा. एरवी तो मुठीने टाकतो, त्या दिवशी काका मागून सांगत होते, चिमटीने, चिमटीने. आणि मग काठ्या वाकल्या. मासा पाण्यातून उडतो, डोक्यावरून कमान घेतो, दोरी सैल पडली की काटा नसलेल्या गळातून आपोआप सुटून फळ्यांवर आदळतो. तेवढ्यात गळ परत पाण्यात. फळ्यांवर शेपट्यांचा आवाज ताशासारखा होतो, खरोखर, गणपतीतल्या ताशासारखा. एक मासा माझ्या पायाशी आला. उचलला तर अंग कोमट लागलं. कुप्याचं रक्त भोवतालच्या पाण्याहून उबदार असतं हे मी परीक्षेत लिहिलं होतं. पोटावरच्या काळ्या पट्ट्या माझ्या हातात गडद होत गेल्या.

मिरकरवाड्याला मी ट्रॉलरच्या जाळ्यातून पडणारा ढीग लहानपणापासून पाहिलाय. त्यात हवा तो मासा किती आणि पिल्लं, खेकडे, शिंपले किती. इथे एका गळाला एक मासा, आणि नको तो जीव जवळजवळ नाहीच. याहून स्वच्छ मासेमारी मी पाहिलेली नाही, आणि ती टिकली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

मासा अजून गळ घेत होता तेव्हाच दुसऱ्या गावची बोट आली. मिनिकॉयमध्ये अकरा गावं आहेत, गावाला आवा म्हणतात, आणि शर्यतीच्या लांब होड्यांवरून त्यांची एकमेकांशी चुरस केवढी असते! त्या बोटीच्या केयोलूने हौदाकडे बोट करून रिकामा हात हलवला. काकांनी इंजिन मंद केलं. भाच्याने त्यांच्याकडे पाहिलं. काका महलमध्ये दोनच शब्द बोलले. भाच्याने हौदातून बादली भरली, बोटी कडेला कडा आल्या, आणि बादली हातोहात पलीकडे गेली. आमच्याकडे उरलेलं आमिष दहा मिनिटांत संपलं, थवा खाली गेला, पक्षी पांगले.

परतताना मी विचारलं, "काका, का दिलंत? आपल्याकडेच कमी होतं."

"आज मेरे पास था," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुढे म्हणाले की त्यांच्या वडिलांच्या वेळी मास ओडी नावाच्या शिडाच्या होड्या होत्या, तेव्हाही आमिष मागितलं तर नाही म्हणायची रीत नव्हती. मासा आपला, आमिष लगूनचं.

किनाऱ्यावर बायका वाट पाहत होत्या. रात्रीपर्यंत मासे चिरून समुद्राच्या पाण्यात उकडले गेले, मग नारळाच्या करवंट्यांच्या धुरावर चढले. त्यानंतर ऊन. शेवटी जे होतं ते मास, लाकडासारखं कडक आणि वर्षभर टिकणारं. साधारण पाच किलो ताज्या माशाचं एक किलो. माझ्या फॉर्मवर आकडा आला १३७ कुपे, सरासरीपेक्षा बराच कमी. फॉर्मवर दिलेल्या बादलीला जागा नव्हती. पांढऱ्या पोवळ्यांनाही नव्हती.

त्या रात्री पट्टी घेऊन मी पुढच्या सगळ्या कोऱ्या फॉर्मवर एकेक रकाना आखला: आमिष कुठून, किती वेळात, खालचं पोवळं कसं. दुसऱ्या दिवशी काकांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून पाहिला आणि नकाशा काढायला सांगितला. मग लगूनमधल्या प्रत्येक खडकाचं महल नाव मला लिहून घ्यायला लावलं.

जूनमध्ये पाऊस आला, बोटी माडांखाली ओढल्या गेल्या, पाणी निवलं. सप्टेंबरअखेर पहिल्या फेरीला आम्ही त्याच जागी उतरलो. फांद्यांच्या पोवळ्यांवर शेवाळाची राखाडी लव चढली होती, ती पोवळी मेली होती. मोठं गोल पोवळं मात्र परत तपकिरी झालं होतं आणि त्याच्या सावलीत होंदेली होती. काका बोटीच्या कडेवरून वाकून ओरडले, "लिखो मास्टर, रंग आ गया."