आधी शाळा, मग स्टेशन

"स्टेशनपासून पाच मिनिटं, मॅडम." मुंबईच्या आसपास घर शोधायला निघालात की दलालाचं पहिलं वाक्य हेच. कोणाची पाच मिनिटं, ते तो सांगत नाही. बहुधा त्याच्या बाइकची, रविवारी दुपारी.

आमचा हिशेब असा. नवरा फोर्टात, मी ऐरोलीत, लेक जूनमध्ये पहिलीत जाणार आणि सासूबाईंचे गुडघे कुरकुरतात. अंबरनाथचं भाड्याचं घर मोकळं, हवेशीर, खिशाला परवडणारं. पण नवरा घरी येईपर्यंत लेक झोपलेली असायची. शाळा सुरू व्हायच्या आत अलीकडे सरकायचं ठरलं.

सगळे म्हणाले, आधी ट्रेन बघा. मी म्हणते, आधी शाळा बघा, आणि शाळेत सोडायला कोण जाणार ते बघा. शासनाने २०२४ मध्ये आदेश काढला की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवायचे नाहीत. पोरांची झोप होते, चांगलंच आहे. पण ज्या आईला साडेआठच्या आत उंबरठा ओलांडायचाय, तिने काय करायचं? आमच्याकडे उत्तर एकच, सासूबाई. म्हणजे आमचा नकाशा त्यांच्या गुडघ्यांनी आखायचा होता. सपाट रस्ता, फार तर एखादं क्रॉसिंग, मध्ये हायवे नको. शिक्षण हक्काच्या नियमांतही पहिली ते पाचवीसाठी शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटरच्या आत असावी असं धरलंय. मी तोच १ किलोमीटर पकडला.

पार्ल्याचं नाव सासूबाईंनीच काढलं. पार्ले टिळक, १९२१ ची शाळा, त्यांच्या मामेबहिणी तिथे शिकलेल्या. भाडं ऐकलं आणि विषय मिटला. ठाण्यात नौपाड्याचंही तेच झालं.

डोंबिवली मात्र मनात घर करून होती. नणंद तिथेच. मराठी शाळांची रेलचेल, फडके रोडची दिवाळी पहाट, सावित्रीबाई फुले नाट्यगृहात शनिवारी नाटक. शाळेसाठी एखाद्या गावाला गुण द्यायचे तर मी डोंबिवलीला डोळे झाकून देईन. पण सकाळी प्लॅटफॉर्मवर उभी राहिले आणि हिशेब बदलला. लेडीज डबा नेमका कुठे येतो ते माहीत असलेल्या बायका ठरलेल्या खांबापाशी उभ्या. गाडी थांबायच्या आत पर्स पोटाशी, ओढणी खोचलेली. काहीजणी तर आधी उलट्या दिशेने कल्याणला जातात आणि सीट धरून परत येतात. नणंद हे इतकं सहज सांगते की तिला त्यात काही विशेष वाटतच नाही. मला ठाण्याला उतरून पनवेल-वाशीकडची गाडी पकडायची होती, ते जमलंही असतं. पण नवऱ्याचं काय? ९ जून २०२५ ला डोंबिवली-ठाण्याच्या वाटेतल्या मुंब्र्याजवळच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारात लटकलेले लोक खाली पडले, काहींचा जीव गेला. त्या दिवसापासून सासूबाईंनी डोंबिवलीचा विषय काढला नाही. मीही नाही.

मग घोडबंदर रोड. अठराव्या मजल्यावर नमुन्याचा फ्लॅट, गॅलरीतून येऊरचे डोंगर, खाली निळाशार तरणतलाव. लेक तिथेच राहायचं म्हणून हटून बसली. मी खाली येऊन वॉचमनला विचारलं, शाळेच्या बस किती वाजता सुटतात? "मोठ्या पोरांची पहिली सहा-दहाला, ताई." शाळा तशी जवळच, पण बस चार कॉम्प्लेक्स फिरून जाते. रस्त्याच्या मधोमध वडाळा ते कासारवडवली मेट्रो ४ चे खांब. २०१८ पासून कामं चालू आहेत. मेट्रो धावू लागली की इथलं गणित पालटेल, नाही असं नाही. पण आमची लेक तोपर्यंत पहिलीत जायची थांबणार थोडीच? आणि तो हायवे ओलांडून सासूबाई नातीला शाळेत नेतायत, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोर काही येईना.

राहता राहिलं मुलुंड पूर्व. खरं सांगायचं तर नवऱ्याला ते मुळीच नको होतं. सकाळच्या गर्दीत फास्ट गाड्या बहुतेक तिथे थांबत नाहीत. नुसत्या धडधडत निघून जातात. पण ठाण्याहून सुटणारी स्लो अगदी मागच्याच स्टेशनावरून येते. बसायला मिळेलच असं नाही, पण दोन पाय टेकवून श्वास घेता येतो. सीएसएमटीला पोचायला तासाच्या आसपास. फास्टपेक्षा जास्त, पण दाराला लटकून नाही. मला ऐरोलीला खाडीवरचा पूल ओलांडला की झालं. बस आहे, आणि ऑक्टोबर २०२४ पासून ऐरोली नाक्यावर हलक्या वाहनांना टोल नाही, त्यामुळे ऑफिसातल्या मैत्रिणीच्या गाडीत पेट्रोल वाटून जाणंही परवडतं.

शाळा बघताना चकचकीत पत्रकं बाजूला ठेवली. एका ठिकाणी तर प्रवेशाआधीच "इमारत निधी"चा आकडा कानात सांगितला, तिथून सरळ उठलो. प्रत्येक शाळेला ११ अंकी युडायस क्रमांक असतो. त्यावरून सरकारी संकेतस्थळावर शिक्षक किती, वर्गखोल्या किती, स्वच्छतागृहं किती हे घरबसल्या दिसतं. प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक असा नियम आहे, तो कुठे पाळला जातो हे ताडून बघता येतं. पण खरी परीक्षा शाळा सुटताना होते. आम्ही पसंत केलेल्या अनुदानित सेमी-इंग्रजी शाळेच्या फाटकाशी मी उभी राहिले. बाई एकेका पोराचा हात धरून उभ्या. एक पोरगा हात सोडवून पळायला बघत होता, समोर आजोबा दिसतायत म्हणून. बाई म्हणाल्या, "आजोबांना इथे येऊ दे." आजोबा सावकाश रस्ता ओलांडून आले, पोराचा हात त्यांच्या हातात दिला, मगच बाईंनी सोडला. मी "पाणी मिळेल का?" म्हणून आत शिरले आणि मुलींची स्वच्छतागृहं बघून घेतली. नळाला पाणी होतं, कड्या लागत होत्या. गुळगुळीत फरशीपेक्षा मला हे जास्त महत्त्वाचं.

घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट आहे, बिल्डिंग जुनी. शाळेच्या वाटेवर एकच क्रॉसिंग आणि गटारावरची एक डुगडुगणारी लादी. सासूबाई स्वतः चालून बघायला आल्या. लादीवर काठी ठोकली, "हिच्याकडे लक्ष ठेवायला हवं" म्हणाल्या आणि कोपऱ्यावरच्या भाजीवालीशी मेथीच्या भावावरून बोलायला थांबल्या. म्हणजे पसंत.

भाडं अंबरनाथच्या दुपटीहून जास्त आहे, करार अकरा महिन्यांचाच, आणि तेवढ्यात खोल्या दोन. नवरा स्लो गाडीत पेपर वाचतो आणि तरी कुरकुरतो. सोसायटीच्या फलकावर पुनर्विकासाच्या सभेची नोटीस लागली आहे. मालकाला विचारलं तर म्हणतो, "अहो, या सभा दर वर्षी होतात." वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणतात, यंदा बिल्डर येऊन मापं घेऊन गेलाय. तेव्हा याच शाळेच्या १ किलोमीटरमध्ये कोणाला भाड्याची जागा ठाऊक असेल तर कळवा, शक्यतो पहिला मजला.