लस तीच, मग आपल्याकडे निम्मीच का चालते?

मी मायक्रोबायोलॉजी शिकवते हे कळलं की कोथरूडात कुणी ना कुणी विचारतंच, त्यात नातवंडवाले आजी-आजोबा जास्त. "मॅडम, बाळांच्या जुलाबांवरची रोटा व्हायरसची लस तिकडे युरोपात नव्वद टक्के चालते आणि आपल्याकडे निम्मीच, म्हणजे आपल्याला हलका माल देतात का हो?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, माल हलका नसतो, तीच लस दिली तरी असंच होतं. रोटारिक्स ही एकच लस, युरोपातल्या ट्रायलमध्ये गंभीर जुलाबांपासून ९० टक्क्यांच्या वर संरक्षण आणि आफ्रिकेत मलावीत जेमतेम ४९. तोंडावाटे दिलेल्या लसीतला जिवंत व्हायरस आधी बाळाच्या आतड्यात वाढावा लागतो, आणि पाणी-स्वच्छतेची बोंब असेल तिथे आतडं म्हणजे संध्याकाळची पीएमटी बस, दुसरे व्हायरस आधीच दाराला लटकलेले, लसीने चढायचं कुठून? शिवाय आईलाच लहानपणापासून रोटा होऊन गेलेला, तिच्या अँटिबॉडीज पोटात असताना आणि दुधातून बाळाला मिळतात, त्या लसीलाही अडवतात. पोलिओच्या थेंबांचं यूपी-बिहारात हेच झालं, म्हणून तिकडच्या पोरांना इतक्यांदा डोस पाजावे लागले.

"पण टीबीची लस बीसीजी तर इंजेक्शन आहे ना, आतड्याशी संबंध नाही, तरी ती आपल्याकडे कमी का चालते?" असं एका काकांनी मला अडवलं, आणि बरोबरच अडवलं. बीसीजीने १९५० च्या दशकात ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांना पाऊणच्या वर संरक्षण दिलं, आणि १९६८ पासून तमिळनाडूत चेंगलपट्टूला अडीच लाखांवर लोकांवर ट्रायल झाली तर मोठ्यांच्या फुप्फुसाच्या टीबीवर परिणाम जवळपास शून्य! उष्ण भागात माती-पाण्यातच टीबीच्या जंतूंचे भाऊबंद असतात, शरीराची त्यांच्याशी आधीच ओळख झालेली, मग लस नवीन काही शिकवूच शकत नाही, असं मुख्य स्पष्टीकरण आहे. नवजात बाळाची ती ओळख अजून व्हायची असते, त्याला मेंदूच्या टीबीपासून बीसीजी चांगलं वाचवते, म्हणून आपण जन्मल्याबरोबर देतो.

"आपलं रक्तच तसं" हे मात्र मला फारसं पटत नाही. जीन्सचा थोडा वाटा असेल, पण यूपीत आणि बाकीच्या भारतात पोलिओचे थेंब वेगवेगळे चालले ते काय रक्तामुळे?

आणि निम्मी म्हणजे वाया गेली असं कोण म्हणतं? रोटारिक्सच्या मलावीतल्या त्याच ट्रायलमध्ये साउथ आफ्रिकेत संरक्षण ७७ टक्के होतं, तरी दर शंभर बाळांमागे जास्त गंभीर आजार टळले ते मलावीत, कारण तिथे मुळात रोटाच जास्त.

हो, आणि रोटाच्या लसीच्या आधी बाळाला अंगावर पाजू नका वगैरे कुणी सांगेल, ऐकू नका, ते करून बघितलंय, फरक पडत नाही.