चौदा संस्था, चौदा कॉप्या

2012 साली विट्यात एका गाळ्यात आम्ही दूध संकलनाचं सॉफ्टवेअर करायला सुरुवात केली. पहिल्या संस्थेत वजनकाटा संगणकाच्या कॉम १ या पोर्टवर जोडलेला होता, फॅट मशीन कॉम ३ वर. ते आकडे मी थेट कोडमध्येच ठोकले. दुसऱ्या संस्थेत पोर्ट उलटे निघाले, म्हणून कोडची कॉपी मारली. तिसरीला दोन इंची पावती हवी होती, चौथीची संध्याकाळची पाळी चारलाच सुरू व्हायची. बघता बघता चौदा संस्था झाल्या आणि कॉप्याही चौदा. एका ठिकाणची चूक सापडली की मोटारसायकल काढून उरलेली तेरा गावं फिरायची.

2017 मध्ये सगळं पायथन या प्रोग्रामिंग भाषेत नव्याने लिहायला घेतलं. ठरवलं, कोड एकच ठेवायचा. संस्थेप्रमाणे बदलतं ते सगळं बाहेर काढायचं. उतरंडही ठरली: तळाला प्रत्येक पर्यायाची प्रोग्राममध्येच लिहिलेली मूळ किंमत (म्हणजे मूल्य), तिच्यावर सेटिंगची फाईल, फाईलवर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे संगणकात नावाने साठवलेलं आणि प्रोग्रामला वाचता येणारं मूल्य, आणि सगळ्यात वर कमांड देताना लिहिलेला पर्याय. वरच्याने खालच्याला दाबायचं.

पहिला दणका नावावरून बसला. बल्क कूलरमध्ये दूध 4 अंशांपर्यंत थंड करतात, त्याच्या इशाऱ्यासाठी व्हेरिएबलला आम्ही 'टेम्प' नाव दिलं. विंडोजमध्ये त्याच नावाचं व्हेरिएबल आधीपासून असतं, तात्पुरत्या फायली ठेवायच्या फोल्डरचा पत्ता सांगणारं. तापमानाऐवजी प्रोग्रामच्या हाती तो पत्ता आला आणि तो सुरू होतानाच आपटला. तेव्हापासून आमच्या प्रत्येक नावाआधी फर्मची आद्याक्षरं लागतात.

दुसरा दणका महाग पडला असता. एका संस्थेचे चेअरमन म्हणाले, "दिवाळीचं बिल आहे, या दहा दिवसांत पेंडीची उचल कापू नका." आमच्या पोराने फाईलला हात न लावता तेवढ्या बिलापुरतं व्हेरिएबल सेट केलं: उचल कपात, 'फॉल्स', म्हणजे 'नाही'. रात्री बिलं छापली. सकाळी सहाला सचिवांचा फोन, "साहेब, कपात झालीय. लोक बिलं घेऊन दारात उभे आहेत."

पोराची चूक नव्हती, माझी होती. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून येतं ते नुसतं अक्षरांच्या रूपात. आणि रिकामी नसलेली कुठलीही अक्षरं पायथनच्या लेखी 'हो'. मग त्यात 'फॉल्स' का लिहिलेलं असेना. पैसे जमा करायची यादी बँकेत गेली नव्हती म्हणून वाचलो. दुपारपर्यंत बिलं पुन्हा छापून दिली, कागद आमचा. आता हो-नाहीच्या पर्यायात ठरलेले शब्दच चालतात. दुसरं काही आलं तर प्रोग्राम सुरूच होत नाही. कोणत्या नावात काय चुकलं ते मराठीत सांगतो आणि थांबतो.

बाहेर काढायची सवय लागली की माणूस सगळंच बाहेर काढतो. आम्ही दरपत्रकही सेटिंगमध्ये टाकलं होतं. गाईच्या दुधाला 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) हा पाया, त्यावर पॉइंटप्रमाणे चढ-उतार. पण दर बदलला की मागच्या महिन्याचं बिलही नव्या दराने निघायला लागलं. दर तारखेला बांधलेला असतो, त्याची जागा डेटाबेसमध्ये. एसएमएसचा पासवर्ड मात्र फाईलमधून काढून व्हेरिएबलमध्ये नेला, कारण काही अडलं की सचिव मंडळी ती फाईल जशीच्या तशी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात.

सध्या प्रोग्राम उघडताच एक तक्ता दिसतो: पर्याय, किंमत आणि ती किंमत कुठून आली. पासवर्डच्या जागी फुल्या. परवा पहाटे साडेपाचला एका संस्थेतून फोन आला, काटा वाचत नाही म्हणून. मी अंथरुणातूनच म्हटलं, तक्ता वाचा. "काटा, कॉम ४, व्हेरिएबलमधून."

"मागच्या आठवड्यात नवीन केबल लावून ते व्हेरिएबल कोणी सेट केलं?"

पलीकडे थोडा वेळ नुसता कॅनचा आवाज. मग, "पुतण्याने."