दोन बोटं

शुक्रवार, रात्री साडेदहा

गुडघ्याच्या ऑपरेशनआधीच्या तपासण्यांसाठी आज आईला घेऊन गेले होते. भूल देणाऱ्या डॉक्टर बाईंनी तिला तोंड उघडायला लावलं आणि समोर बोटं आडवी धरून मोजलं. म्हणाल्या, "तीन मावायला हवीत. दोनच मावतायत." मग मान मागे करून बघितली आणि विचारलं, "आजी, गिळायला त्रास होतो का?"

"होतो की. दोन वर्षं झाली."

मी शेजारीच बसले होते. दोन वर्षं! रोज तिचं ताट मीच वाढते.

घरी आल्यापासून एकेक आठवतंय. भाकरी आमटीत कुस्करून खायला लागली, तेव्हा मला वाटलं, वाकड्या बोटांनी तुकडा मोडत नसेल. दर घासाला पाण्याचा घोट. दाण्याची चटणी सोडली, लाडू सोडला. सगळ्यांची जेवणं उरकल्यावर एकटीच बसायची. मोठ्यानं म्हणायची तो हरिपाठ पुटपुटण्यावर आला, तर आम्ही म्हटलं, वय झालं.

चौदा वर्षांचा तिचा संधिवात. दर तपासणीला मनगटं, बोटं, गुडघे दाबून पाहिले जायचे. घशाचं कुणी विचारलं नाही. मीही नाही.

तिथूनच कान-नाक-घसावाल्यांकडे पाठवलं. त्यांनी नाकातून बारीक दुर्बीण घालून पाहिलं. स्वरयंत्रातही सांधे असतात हे मला आज कळलं. स्वरतंतू उघडमीट करणारे दोन इवलेसे सांधे, हाताच्या सांध्यांसारखंच आतून अस्तर असलेले. तिथेही सूज आलीय. म्हणून सकाळी आवाज बसलेला, घशात काहीतरी अडकल्यासारखं. जबड्याचा सांधा आखडलाय, म्हणून घास नीट चावला जात नाही. त्यात तोंडाला लाळ नाही. संधिवाताच्या जोडीला लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथी सुकवणारा शोग्रेनचा आजार असू शकतो, त्याची तपासणी करायचीय. डोळ्यांचे थेंब तर ती केव्हापासून घालतेय!

ऑपरेशन पुढे ढकललंय. भूल देताना घशातून नळी घालावी लागू शकते, ती अशा घशात आणि आखडलेल्या मानेत अवघड जाते. मानेचा एक्स-रे काढला, तो ठीक आहे. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज आला किंवा दम लागला तर रात्र असली तरी थेट दवाखाना गाठायचा, हे डॉक्टरांनी दोनदा बजावलं.

हाडांची आठवड्याची गोळीही थांबवलीय. ती पेलाभर साध्या पाण्याबरोबर घेऊन निदान अर्धा तास ताठ बसायचं असतं, नाहीतर अन्ननलिकेला जखम होऊ शकते. आई घोटभर पाण्याबरोबर घेऊन परत आडवी व्हायची. मी बघत होते, तरी कधी बोलले नाही.

रिक्षात तिला म्हटलं, "मला सांगायचंस ना गं."

"हातापायांचं एवढं करतेस. त्यात आणखी घास उतरत नाही म्हणून सांगू?"

मला रडूच आलं. तिनं पदरानं माझे डोळे पुसले, त्या तसल्या बोटांनी.

रात्री मऊ भात, पातळ वरण, तूप आणि दुधीची शिजवून घोटलेली भाजी केली. दोघी एकदमच बसलो. तिला ताठ बसवलं, मागे उशी दिली. लहान घास, तो उतरला की पुढचा. पाऊण तास लागला. माझं जेवण कधीच झालं होतं, पण हात वाळले तरी मी पाटावरून उठले नाही.