आमची वाटचाल: हेल्मेटच्या फळीची गोष्ट

आमचं सायकलचं दुकान उघडलं तेव्हा हेल्मेटला फळी नव्हती. कुलूप, बाटली, पंप यांच्या शेजारी तीन-चार खुंट्या आणि त्यांवर रंगानुसार टांगलेला माल, एवढंच. निवड रंगावर आणि किमतीवर व्हायची. आज त्याच भिंतीवर रोड सायकलिंगची हेल्मेट हा आमच्या विक्रीचा मोठा भाग आहे आणि एक हेल्मेट विकायला आम्ही पाऊण तास देतो. हा बदल कसा झाला, त्यात आम्ही काय शिकलो आणि काय ठेवायचं बंद केलं, ते इथे मांडतो.

पुण्यात रोड बाइक, म्हणजे डांबरी रस्त्यावर वेगाने चालवायच्या सायकली, वाढल्या. 200 किलोमीटरची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) साडेतेरा तासांत, 600 ची चाळीस तासांत पुरी करणारे लोक नेहमी येऊ लागले, पुणे ते गोवा शर्यतीची तयारी करणारे येऊ लागले. त्यांच्याबरोबर मागणी आली, ‘एअरो दाखवा’, म्हणजे वारा कमी अडवणारं, वेगासाठीचं हेल्मेट. सुरुवातीला आम्हीही एअरोपासूनच सुरू करायचो. आता क्रम उलटा आहे. आधी मान्यता, मग डोक्यावर बसणं, मग वारा खेळणं आणि शेवटी वेग. हा क्रम मोडला की महागडं हेल्मेट महिनाभरात कपाटात जातं.

मान्यतेची चिठ्ठी

सर्वात मोठा गोंधळ आयएसआय चिन्हाचा. हेल्मेटचं ओळखीचं भारतीय मानक, आयएस 4151, मोटार दुचाकी चालवणाऱ्यांसाठी आहे. त्याची चाचणी वेगळी, कवच जाड, वजन किलोच्या आसपास. सायकलच्या हलक्या हेल्मेटवर तो क्रमांक चिकटवलेला दिसला तर आम्ही तो माल घेत नाही, कारण ज्याने हा आकडा छापला त्याला मानक माहीत नाही किंवा ते पाळायचं नाही.

आम्ही दोन क्रमांक पाहतो. युरोपचं ईएन 1078 आणि अमेरिकेचं सीपीएससी 1203. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचं एएस/एनझेडएस 2063 असेल तरी चालतं. ईएन 1078 मध्ये डोक्याचा धातूचा साचा हेल्मेट घालून सपाट ऐरणीवर सेकंदाला 5.42 मीटर वेगाने आपटतात, म्हणजे साधारण दीड मीटर उंचीवरून. फुटपाथच्या कडेसारख्या ऐरणीवर हाच वेग 4.57 मीटर असतो. साच्याला बसणारा झटका 250 जीच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या 250 पटीच्या, आत राहायला हवा. सीपीएससीत उंची दोन मीटर आणि मर्यादा 300 जी. आपटण्याआधी काही नमुने 50 अंशांना तापवलेले असतात, काही गोठवलेले. दोन्ही मानकांत पट्टीची ताकद आणि हेल्मेट डोक्यावरून मागे-पुढे निसटतं का, हेही तपासतात.

इथे दर आठवड्याला कोणीतरी विचारतं, ‘मी चाळीसने चालवतो, चाचणी मात्र वीसच्या वेगाची, मग उपयोग काय?’ डोकं रस्त्यावर किती जोरात आदळेल हे मुख्यतः ते किती उंचीवरून पडतं त्यावर ठरतं, आणि दीड मीटरवरून पडणाऱ्या डोक्याचा खाली येण्याचा वेग ताशी वीस किलोमीटरच्या आतच असतो. पुढे जाणारा चाळीसचा वेग बराचसा घसरण्यात जातो. पण तो डोक्याला गर्रकन फिरवतो, आणि या मानकांच्या सरळ आपटण्यात ते फिरणं मोजलं जात नाही. म्हणून मिप्ससारखा आतला सरकणारा थर आम्ही महत्त्वाचा मानतो. तिरक्या आघातात तो 10 ते 15 मिलिमीटर सरकतो आणि फिरण्याचा काही जोर स्वतःवर घेतो. व्हर्जिनिया टेक विद्यापीठ 2018 पासून सायकल हेल्मेटना तारे देतं, ते याच तिरक्या आघातांवर. तिथल्या गुणांत आकडा जितका कमी तितकं हेल्मेट चांगलं, हे उलटं वाचलं जातं म्हणून सांगितलेलं बरं.

प्रत्येक खेप आली की खोक्यावरचं नव्हे, हेल्मेटच्या आतलं लेबल वाचतो. ईएन 1078 चं खरं लेबल असेल तर त्यावर मानकाचा क्रमांक, निर्मात्याचं नाव, मॉडेल, डोक्याचा घेर सेंटिमीटरमध्ये, वजन, आणि निर्मितीचं वर्ष व तिमाही असते. नुसतं ‘सीई’ हे युरोपचं सर्वसाधारण चिन्ह पुरेसं नाही. ईएन 812 हा क्रमांक दिसला तर सावध व्हा. ती कारखान्यात डोकं नळाला धडकू नये म्हणून घालायची टोपी आहे. तिच्यावरही सीई असतं, आणि दिसायला ती कधी कधी अगदी सायकल हेल्मेटसारखी असते.

नकली माल ओळखायला आम्ही तीन गोष्टी करतो. कवचाची कड नखाने उचलून पाहतो. चांगल्या हेल्मेटमध्ये पॉलिकार्बोनेटचं कवच साच्यातच फोमला एकजीव झालेलं असतं, नकलीत ते वरून टेपने चिकटवलेलं निघतं. फोमवर अंगठा दाबतो. पॅकिंगच्या थर्माकोलसारखे दाणे सुटत असतील तर माल परत. पट्टीचं मोकळं टोक दुमडून शिवलेलं आहे का, बकलमधून ओढून निघतं का, हे पाहतो. ते निघालं तर पडताना हेल्मेट डोक्यावर राहणारच नाही.

डोक्याचा आकार

शिंप्याची टेप भुवयांच्या वर बोटभर, कानांच्या वरून, मागे सर्वात फुगीर भागावरून फिरवायची. 51 ते 55 लहान, 55 ते 59 मध्यम, 59 ते 63 मोठं, असे बहुतेक कंपन्यांचे माप-गट. 55 किंवा 59 वर अडलेल्या माणसाला दोन्ही मापं घालून पाहायला देतो. घेर एकच असला तरी डोकं गोल असतं किंवा लांबट, आणि आपल्याकडे गोल डोकी बरीच. लांबट साच्याचं हेल्मेट गोल डोक्यावर कानशिलांना चिमटतं, पण पुढे-मागे पोकळी राहते. ग्राहक मग मागची, घेर आवळायची डायल आवळतो, तरी ते हलतं. डायलने आकार बदलत नाही, एवढं लक्षात ठेवा.

पट्ट्या न लावता, डायल पूर्ण सैल ठेवून हेल्मेट घाला आणि मान खाली करा. ते लगेच घरंगळत असेल तर माप मोठं. मग डायल दोन-तीन टिचक्या आवळा. कड भुवयांपासून दोन बोटं वर, आडवी. कपाळ उघडं टाकून मागे सरकवलेलं हेल्मेट आम्हाला रोज दिसतं. पुढे तोंडावर पडलात तर त्याचा उपयोग शून्य, आणि मागची शेपटी वाऱ्यात उभी राहते ती वेगळी. दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांचा इंग्रजी वाय कानाच्या पाळीखाली जुळला पाहिजे. हनुवटीखाली एक ते दोन बोटं जावीत, आणि तोंड मोठं उघडलं की हेल्मेट डोक्यावर किंचित खाली ओढल्याचं जाणवलं पाहिजे. शेवटी मागच्या कडेखाली हात घालून पुढे ढकला. कड डोळ्यांवर आली तर मागची पट्टी सैल आहे.

आणि मग पंधरा मिनिटं ते डोक्यावर ठेवून दुकानात फिरा, चहा घ्या. काढल्यावर कपाळावर एका जागी लाल वण दिसला तर ते हेल्मेट तुमचं नाही. दहा तासांच्या ब्रेव्हेत तोच वण डोकेदुखी होतो. चष्मा लावणाऱ्यांनी चष्म्यासकट बघावं. एअरो हेल्मेटच्या बाजू खाली उतरतात आणि काडी त्यांना टेकते. केस लांब असतील तर वेणी डोक्याला मागून धरणाऱ्या, डायलच्या पट्टीखालून निघते का, तेही.

वाऱ्याचा हिशोब

व्यावसायिक रोड शर्यतींत हेल्मेट सक्तीचं झालं 2003 मध्ये. त्याच वर्षी मार्चमध्ये पॅरिस-नीस शर्यतीत कझाकस्तानचे सायकलपटू आंद्रेई किविलेव्ह पडले आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. सक्तीनंतर सगळ्यांच्याच डोक्यावर ते आलं आणि हळूहळू त्याच्या आकाराला महत्त्व आलं. 2011 मध्ये कोपनहेगनला ब्रिटिश सायकलपटू मार्क कॅव्हेंडिश यांनी छिद्रं पारदर्शक प्लास्टिकने झाकलेलं हेल्मेट घालून विश्वविजेतेपद जिंकलं, आणि पुढच्या काही वर्षांत आखूड शेपटीची, कमी छिद्रांची रोड एअरो हेल्मेट बाजारात स्थिरावली.

फायदा किती? हवेला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. हूड्सवर (ब्रेकच्या मुठींवर) हात ठेवून बसलेल्या माणसाचा हवेतला अडथळा, म्हणजे आकारासकट धरलेलं समोरचं क्षेत्रफळ, 0.32 चौरस मीटर धरला आणि पुण्याची उन्हाळी हवा धरली, तर ताशी 25 ला हवेसाठी सुमारे 59 वॉट जातात, 30 ला 102, 40 ला 241. हेल्मेटने एकूण अडथळा दोन टक्के कमी केला असं समजा. 25 ला वाचले जेमतेम सव्वा वॉट, 30 ला दोन, 40 ला जवळजवळ पाच. ताशी 30 ने चाळीस किलोमीटर जाणाऱ्याला अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेरचा फायदा. टाइम ट्रायलला, म्हणजे एकट्याने वेळेविरुद्ध धावायच्या शर्यतीला, अर्धा मिनिट म्हणजे खूप. कात्रज घाटात ताशी दहाने चढणाऱ्याला तो शून्य.

शिवाय तो फायदा डोकं ज्या कोनात आहे त्यावर अवलंबून. थकल्यावर मान खाली गेली की मागचा भाग वर येतो आणि वारा त्याला अडतो. म्हणून ग्राहकाला त्याच्याच सायकलवर, ती ट्रेनरवर (जागच्या जागी पेडल मारायच्या स्टँडवर) लावून बसवतो, ड्रॉप्स (हँडलचा खाली वळलेला भाग) धरायला लावतो आणि बाजूने फोटो काढून दाखवतो. हेल्मेटची मागची कड पाठीच्या रेषेत मिसळली तर ठीक. हवेत उभी राहिली तर त्या माणसाला आखूड गोल मॉडेल बरं. ढगळ जर्सी घालून एअरो हेल्मेट मागणाऱ्याला आम्ही आधी अंगाला बसणारी जर्सी घ्यायला सांगतो. वाऱ्याचा फायदा तिथे स्वस्तात आणि जास्त मिळतो.

मग पंखा बंद करून पंधरा मिनिटं पेडल मारायला लावतो. ही आमची सर्वात उपयोगी चाचणी. एअरो हेल्मेटची मोजकी छिद्रं आणि आतल्या खोल खाचा वेगात हवा ओढतात. 30 च्या पुढे काही मॉडेल जाळीदार हेल्मेटइतकीच थंड वाटतात. घाटात वेग दहावर आला की ती हवा थांबते आणि घाम कपाळपट्टी भिजवून डोळ्यांत उतरतो. एप्रिल-मेमध्ये बोपदेव घाट चढणाऱ्याला, कोकणातल्या दमट हवेत चालवणाऱ्याला, हे पंधरा मिनिटांत कळतं. कपाळाचा पॅड आणि पुढची छिद्रं यांच्यात मोकळी जागा असलेली मॉडेल इथे बरी ठरतात.

या चाचणीमुळे आमची एअरोची विक्री काही काळ घटली. ती घटू दिली. आज शर्यत आणि सपाटीवरच्या वेगवान ग्रुप राइडसाठी 270 ते 330 ग्रॅमची एअरो हेल्मेट ठेवतो, आणि ब्रेव्हे व घाटांसाठी 220 ते 280 ग्रॅमची भरपूर छिद्रांची. मधल्या प्रकारातली, म्हणजे पुढे उघडी आणि मागे बंद अशी, सर्वात जास्त जातात. एकच हेल्मेट घेणाऱ्या पुणेकराला आम्ही तेच सुचवतो. वेळेविरुद्धच्या शर्यतीची लांब शेपटीची हेल्मेट फक्त मागणीवर आणतो, कारण ती रोजच्या रहदारीत कोणी वापरू नयेत. काहींत कान झाकले जातात आणि मागून येणारा ट्रक ऐकू येत नाही.

विकल्यानंतर

हेल्मेट खराब होतं ते बहुधा उभ्या गाडीत. उन्हात काचेमागे ठेवलं की आधी कवच आणि फोममधला जोड सुटतो, मग कवचावर फुगे येतात. पेट्रोल, थिनर, चेन क्लीनर यांनी फोम विरघळतो. कधी हे वरून दिसतही नाही. रंग मारू नका. धुवायला कोमट पाणी आणि सौम्य साबण. पॅड काढून आठवड्याला धुवा, सावलीत वाळवा. घामाच्या मिठाने डायलचा तारेसारखा दोर अडकतो, तोही पाण्याने मोकळा होतो. पॅड आणि डायलचे सुटे भाग मिळतील अशीच मॉडेल आम्ही ठेवतो.

डोकं आपटलं असेल तर हेल्मेट बाद. फोम एकदाच चेपतो, आणि तो चेपलेला भाग कवचाखाली लपतो. चीर शोधायला कवच हलकेच दाबून कुरकुर ऐकतो, आतून बॅटरी मारतो. पण काही सापडलं नाही म्हणून चांगलं आहे असं लिहून देत नाही. न पडलेलं हेल्मेट रोजच्या वापरात पाच वर्षांनी बदला असं सांगतो, आणि मोजणी लेबलावरच्या निर्मितीच्या तिमाहीपासून नव्हे, बिलाच्या तारखेपासून करतो. मात्र दोन वर्षांपेक्षा जुनी तिमाही असलेला माल आम्ही घेतच नाही.

बाद झालेली हेल्मेट दुकानात जमा करा, नव्यावर सूट देतो. ती भंगारात टाकण्याआधी आम्ही पट्ट्या कात्रीने कापतो आणि कवचावर मार्करने मोठी फुली मारतो, म्हणजे भंगाराच्या ढिगातून उचलून कोणी ती पुन्हा मुलाच्या डोक्यावर घालणार नाही.