तुम्ही विचारलंत म्हणून: 'नेटवर कुठं वाचू?'

ब्लड कॅन्सरचा रिपोर्ट हातात पडला की लोक मला फोन करतात. प्रश्न एकच: "चांगली लिंक पाठवा ना." मी टाळते. मग ऐकावं लागतं, "इतकी वर्षं गोळ्या खाताय, तुम्हाला नाही तर कोणाला माहीत?" तर एकदाच सांगते.

पहिल्या रात्री मीही शोधलंच. निदान सीएमएलचं, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या एका प्रकाराचं, शोधलं मात्र 'ब्लड कॅन्सर'. उत्तर आलं: तीन ते पाच वर्षं. पानावर तारीख नव्हती. २००१ मध्ये इमॅटिनिब ही गोळी आली आणि सीएमएलचं सगळं गणितच बदललं, याचा त्या पानाला पत्ताच नव्हता. दुसरं पान 'तुमची स्टेज ओळखा' म्हणत होतं. सीएमएलला गाठीच्या कॅन्सरसारख्या एक ते चार स्टेज नसतात, फेज असतात. तिसरं तर माझं रक्त 'शुद्ध' करून देणार होतं.

इथवर सगळे माना डोलावतात. नेट वाईट, मी बिचारी. पण माझं खरं नुकसान केलं ते एका चांगल्या पानानं.

चौथं वर्ष होतं. रात्री पोटऱ्यांत गोळे, सकाळी डोळ्यांभोवती सूज, आणि कंटाळा. ते पान सापडलं: सोपी भाषा, ताजी तारीख, लिहिणारे रक्तविकारतज्ज्ञ. म्हणे, काही रुग्णांना गोळी थांबवता येते. आणि ते खरंच आहे. मी पीसीआर या रक्ततपासणीचा रिपोर्ट काढला. बीसीआर-एबीएल, म्हणजे रक्तात उरलेला आजाराचा अंश, ०.०४ टक्के. ०.१ च्या खाली म्हणजे उत्तम, हे तर डॉक्टरच म्हणाले होते. झालं. कुणाला न विचारता थांबवली. घरच्यांनी पट्टी मोजली तर हिशोब लागावा म्हणून रोज एक गोळी काढायची, टिश्यूत गुंडाळायची, कचऱ्यात टाकायची. गोळे गेले, सूज उतरली, मी खूश.

तीन महिन्यांनी पीसीआर १.८.

डॉक्टरांनी विचारलं, "गोळी चुकते का?" मी म्हटलं, "नाही." त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा नाही म्हटलं. औषध लागू पडेनासं झालं की काय, म्हणून ते म्युटेशनची (जनुकातल्या बदलाची) तपासणी लिहू लागले, तेव्हा कुठं माझं तोंड उघडलं.

घरी येऊन तेच पान पुन्हा वाचलं. सगळं लिहिलेलं होतं. आकडा ०.०१ किंवा त्याखाली हवा, तोही किमान दोन वर्षं टिकलेला. थांबवल्यावर सुरुवातीला दर महिन्याला पीसीआर. आणि एवढं पाळूनही जवळपास निम्म्या लोकांना गोळी पुन्हा सुरू करावी लागते. मी वरचे दोन परिच्छेद वाचून उठले होते.

म्हणजे चूक माझीच. पण वाचणारी बाई पोटऱ्या चोळत बसलेली असणार, हे लिहिणाऱ्यांना कळायला नको? अट आधी का नाही लिहिली? आणि आधी लिहिली असती तर मी वाचली असती का? तेव्हाची मी म्हणते, हो. आत्ताच्या मला तिचा भरवसा नाही. खोटं बोलताना पाहिलंय मी तिला.

गोळी पुन्हा सुरू केली, आकडा उतरला. गोळेही परत आले.

परवा एकीनं लिंक मागितली. विचारलं, "प्रकार कोणता?"

"ब्लड कॅन्सर हो, त्यात प्रकार कसले?"

म्हटलं, रिपोर्टचा फोटो पाठवा. आला. एएमएल, झपाट्यानं वाढणारा वेगळाच ब्लड कॅन्सर. माझ्याकडचं एकही पान तिच्या कामाचं नव्हतं.